यादीबाहेरचा क्रमांक: गणितातल्या विद्यार्थिनी आणि त्यांची कॉलेजे

केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ऑनर्स परीक्षेचे नाव ट्रायपॉस, आणि तिच्यात पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. १८९९ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून गेलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या परीक्षेत विभागून पहिले आले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात ‘रँग्लर’ हा शब्द नावाआधी लावायची पदवी होऊन बसला. त्यांच्या नऊ वर्षे आधी त्याच परीक्षेत एका मुलीने पहिल्या आलेल्या मुलापेक्षा जास्त गुण मिळवले होते. तिला मात्र रँग्लर म्हणवून घेता आले नाही आणि पदवीही मिळाली नाही. गणितात चमकणाऱ्या मुली कोणत्या कॉलेजातून निघतात या प्रश्नाची नोंदलेली सुरुवात या विचित्र परिस्थितीत आहे: निकाल लागे, पण तो मोजला जात नसे.

त्या वेळी केंब्रिजला मुलींची कॉलेजे दोनच होती. एमिली डेव्हिस आणि बार्बरा बोदिशाँ यांनी १८६९ साली हिचिन गावातल्या एका भाड्याच्या घरात पाच विद्यार्थिनी घेऊन पहिले कॉलेज काढले. १८७३ मध्ये ते केंब्रिजजवळच्या गर्टन गावी नव्या इमारतीत गेले आणि गावाचेच नाव त्याला पडले. इमारत मुद्दामच शहरापासून दोन-अडीच मैलांवर बांधली होती, म्हणजे विद्यार्थी पोरांची ऊठबस तिकडे होणार नाही. दुसरे न्यूनम. हेन्री सिज्विक यांनी १८७१ मध्ये शहरातच एक घर घेतले, तिथेही पाच मुली ठेवल्या आणि अ‍ॅन जेमायमा क्लफ यांच्या हाती कारभार दिला. दोन्ही कॉलेजांत एका मुद्द्यावर कायमचा मतभेद होता. डेव्हिसबाईंचा हट्ट असा की मुलींनी मुलांचाच पेपर, मुलांच्याच मुदतीत, पूर्वपरीक्षेसकट द्यायचा. काडीचीही सवलत नको, कारण एक सवलत घेतली की पुढे निकालाला कोणी किंमत देणार नाही. न्यूनमवाल्यांचे म्हणणे वेगळे होते. घरी धड शाळाही न मिळालेल्या मुलींना तयारीला वेळ द्यावा आणि हवी ती परीक्षा देऊ द्यावी, असे त्यांना वाटे. आज मागे वळून पाहताना डेव्हिसबाईंचा हट्ट कठोर वाटतो, पण पुढच्या सगळ्या घटना त्याच हट्टावर उभ्या राहिल्या हेही खरे.

गणिताचा ट्रायपॉस हा नुसत्या बुद्धीचा खेळ नव्हता. तो तालमीचा खेळ होता. जानेवारीच्या कडाक्यात सिनेट हाऊसच्या दगडी दालनात दिवसच्या दिवस पेपर चालत. ठरावीक वेळात जास्तीत जास्त उदाहरणे सोडवण्याचा वेग हवा असे, आणि तो वेग खासगी शिकवणी घेणारे गुरू अंगी बाणवत. या शिकवण्यांतला सर्वांत नामांकित गुरू एडवर्ड राउथ. १८५४ च्या परीक्षेत तो स्वतः पहिला आला होता आणि दुसरा आला होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल. राउथच्या शिकवणीतून पंचवीसहून अधिक सीनिअर रँग्लर (यादीत पहिले आलेले) निघाले. म्हणजे कोणत्या कॉलेजचा मुलगा पहिला आला हे गावभर गाजे, पण तो कोणाकडे शिकवणीला जातो हे जाणकार आधी विचारत. मुलींना या यंत्रणेत शिरकाव जवळजवळ नव्हता. विद्यापीठाची व्याख्याने ऐकायची तर त्या त्या प्राध्यापकाची खास परवानगी लागे, आणि परीक्षेला बसायचे तर परीक्षकांची मेहेरबानी. परीक्षक मुलीचा पेपर खासगीत तपासत आणि ती यादीत असती तर कुठे बसली असती तेवढे तोंडी कळवत. १८७३ मध्ये गर्टनच्या सेरा वुडहेड यांनी अशा रीतीने गणिताचा ट्रायपॉस पहिल्यांदा दिला आणि त्यांना दुसऱ्या वर्गाइतके गुण पडल्याचे कळवण्यात आले.

शार्लट अँगस स्कॉट या १८७६ मध्ये गर्टनला आल्या. लिंकन गावात १८५८ साली जन्मलेली ही मुलगी, वडील प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथाचे धर्मोपदेशक. १८८० च्या जानेवारीत तिने ट्रायपॉस दिला आणि तिला आठव्या रँग्लरइतके गुण पडले. निकालाच्या दिवशी सिनेट हाऊसमध्ये यादी वाचली जात असताना आठव्या क्रमांकावर भलतेच नाव उच्चारले गेले तेव्हा जमलेल्या मुलांनी ‘स्कॉट ऑफ गर्टन’चा पुकारा करून ते बुडवून टाकले आणि टोप्या हवेत उडवल्या. गर्टनमध्ये त्या संध्याकाळी तिच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढला. या प्रसंगात मजेची गोष्ट अशी की विद्यापीठाने जे नाकारले ते पोरांनी ओरडून देऊन टाकले. त्यातून चळवळ पेटली. आठ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज विद्यापीठाकडे गेला. तो अर्ज फिरवणाऱ्या दांपत्यातले स्टेडमन ऑल्डिस हे स्वतः १८६१ चे सीनिअर रँग्लर, पण चर्चबाहेरच्या पंथाचे म्हणून फेलोशिपला मुकलेले. यादीतून वगळले जाणे म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. फेब्रुवारी १८८१ मध्ये विद्यापीठाने मोठ्या बहुमताने ठराव केला: गर्टन आणि न्यूनमच्या मुली हक्काने परीक्षेला बसतील आणि त्यांची नावे वेगळ्या यादीत, पण मुलांच्या तुलनेत कोणत्या जागी ते दाखवून, प्रसिद्ध होतील. पदवी मात्र नाही.

ही वेगळी यादी १८९० मध्ये अंगाशी आली. न्यूनमच्या फिलिपा फॉसेट यांचे घरच निराळे होते. आई मिलिसेंट फॉसेट स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या अग्रणी. वडील हेन्री फॉसेट १८५६ चे सातवे रँग्लर, तरुणपणीच अंध झालेले, पुढे केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि खासदार. हिंदुस्थानच्या खर्चाचे प्रश्न पार्लमेंटात इतक्यांदा उठवत की त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हणत. म्हणजे फिलिपाच्या घरी गणितही होते आणि भांडायची सवयही. ट्रायपॉससाठी तिला अर्नेस्ट हॉब्सन यांची शिकवणी मिळाली. तालमीचे जे गुपित इतकी वर्षे मुलांकडे होते ते आता एका मुलीच्या हाती आले. ७ जून १८९० रोजी मुलांची यादी वाचून झाली, सेंट जॉन्स कॉलेजचे बेनेट सीनिअर रँग्लर जाहीर झाले, आणि मग मुलींची यादी सुरू झाली. फॉसेट हे नाव उच्चारून वाचणाऱ्याने पुढचे शब्द वाचले ते ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असे होते. सभागृहात एवढा गलका झाला की बाकीची यादी नीट ऐकू गेली नाही. तारा गेल्या, वर्तमानपत्रांत रकाने भरले. मुलींच्या मेंदूला उच्च गणित झेपत नाही असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मंडळींना काही दिवस तरी गप्प बसावे लागले.

फार दिवस नव्हे. १८९७ मध्ये मुलींना पदवी देण्याचा प्रस्ताव मताला आला तेव्हा गावभर सुट्टीचे वातावरण होते. सिनेट हाऊससमोर सायकलवर बसलेल्या बाईचे बुजगावणे टांगले होते. प्रस्तावाच्या विरोधात सतराशेहून अधिक मते पडली. बाजूने साडेसहाशेच्या आसपास. ऑक्सफर्डने १९२० मध्ये पदव्या दिल्या; केंब्रिजने १९२१ मध्ये नावापुरती पदवी देऊ केली आणि खरी, मताधिकारासकटची पदवी १९४८ पर्यंत अडवून धरली. फिलिपा फॉसेट यांचे निधन त्याच वर्षी, त्या निर्णयानंतर लगेचच झाले. मधल्या काळात १९०९ नंतर रँग्लरांचे क्रमांक जाहीर करण्याची प्रथा बंद झाली होती. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे याच न्यूनम कॉलेजातून १९२९ मध्ये गणिताचा ट्रायपॉस उत्तीर्ण झाल्या. पुढे संततिनियमनाचे त्यांचे काम आणि ‘कुंकू’ चित्रपटातली त्यांची भूमिका महाराष्ट्राच्या लक्षात राहिली; पण वडिलांना जे विद्यापीठ पदवी देते तेच मुलीला नावापुरती पदवी देते हा केंब्रिजचा न्याय या एका घरात शेजारी शेजारी दिसतो.

केंब्रिजला पदवी नाही तर शिकून मुलींनी जायचे कुठे? काही जणी बाहेर पडल्या, आणि तिथून या गोष्टीचा मुक्काम अमेरिकेत हलतो. शार्लट स्कॉट यांनी गर्टनमध्ये चार वर्षे शिकवले, गणितज्ञ आर्थर केली यांची व्याख्याने ऐकली, आणि लंडन विद्यापीठाकडून बाहेरून परीक्षा देऊन १८८५ मध्ये डॉक्टरेट घेतली. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियात क्वेकर पंथीयांनी मुलींसाठी ब्रिन मॉर कॉलेज उघडले आणि केली यांच्या शिफारशीने स्कॉट तिथे गणित विभागप्रमुख म्हणून रुजू झाल्या. (पुण्यात फर्ग्युसन कॉलेजही १८८५ चेच, दोन खंडांत एकाच वर्षी निघालेल्या या दोन संस्थांच्या नशिबात केंब्रिजचा ट्रायपॉस असा वेगवेगळ्या वाटेने आला.)

ब्रिन मॉरचे वेगळेपण असे की तिथे सुरुवातीपासून डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण होते. मुलींच्या इतर कॉलेजांत पदवी झाली की शिक्षण संपे. स्कॉटबाईंनी आल्या आल्या प्रवेशाच्या अटी घट्ट केल्या: अंकगणित, बीजगणित आणि प्रतलीय भूमिती आल्याशिवाय दार उघडायचे नाही. डेव्हिसबाईंचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. पुढे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेचे मंडळ स्थापन झाले तेव्हा १९०२ आणि १९०३ मध्ये गणिताच्या मुख्य परीक्षक त्याच होत्या. त्यांच्या हाताखाली सात विद्यार्थिनींनी डॉक्टरेट मिळवली. गर्टनच्याच इझाबेल मॅडिसन यांनी १८९२ मध्ये ट्रायपॉसला सत्ताविसाव्या रँग्लरइतके गुण मिळवून ब्रिन मॉर गाठले आणि १८९६ मध्ये तिथली डॉक्टरेट घेतली. १८९२ मध्येच ट्रायपॉसला पहिल्या वर्गात आलेली गर्टनची दुसरी मुलगी, ग्रेस चिझम, जर्मनीत गटिंगेनला फेलिक्स क्लाइन यांच्याकडे गेली आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाली. स्कॉट स्वतः अमेरिकन गणित संस्थेच्या पहिल्या कार्यकारिणीत होत्या आणि १९०६ च्या सुमारास उपाध्यक्षही झाल्या. त्या पुढे बहिऱ्या होत गेल्या, आजारपणात डॉक्टरांनी बाहेरच्या हवेत राहायला सांगितले म्हणून बागकाम धरले आणि शेवंतीचा एक नवा वाण तयार केला. १८९९ मध्ये त्यांनी माक्स नोएथर या जर्मन गणितज्ञाच्या एका मूलभूत प्रमेयाची भूमितीतून सिद्धता दिली होती. या नावाकडे पुन्हा यावे लागेल.

अमेरिकेत मुलींच्या कॉलेजांची एक फळीच होती. माउंट होलिओक १८३७ पासून, व्हॅसार १८६५ पासून, वेल्सली आणि स्मिथ दोन्ही १८७५ पासून. इमारती उत्तम, ग्रंथालये उत्तम, शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच. घोडे अडत होते ते पुढच्या पायरीवर. व्हॅसारच्या १८६९ च्या पदवीधर क्रिस्टीन लॅड यांना जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रवेश मिळाला तो सिल्व्हेस्टर या प्राध्यापकाने त्यांच्यासाठी शब्द टाकला म्हणून. १८८२ मध्ये प्रबंध पूर्ण झाला, पण मुलींना पदवी देत नाही म्हणून विद्यापीठाने हात वर केले आणि ती पदवी १९२६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी, त्यांच्या पदरात पडली. वेल्सलीच्या विनिफ्रेड एजर्टन यांना मात्र कोलंबियाने १८८६ मध्ये डॉक्टरेट दिली; अमेरिकेत गणितात ती मिळवणारी ही पहिली स्त्री. पुढे न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजचे नाव या यादीत वर चढते. हे शहराने चालवलेले, फी नसलेले मुलींचे कॉलेज. गरीब आणि स्थलांतरित घरांतल्या हुशार मुलींना दुसरी जागा नसे, त्यामुळे शहरातली निवडक बुद्धी आपोआप तिथे गोळा होई. मीना रीस तिथल्याच, १९२३ च्या. कोलंबियात एमए करताना त्यांना सांगण्यात आले की डॉक्टरेटसाठी मुली घेण्यात विभागाला रस नाही. त्या शिकागोला गेल्या, १९३१ मध्ये डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नौदलाच्या संशोधन कार्यालयात गणितावरचा सरकारी खर्च कुठे जावा हे ठरवू लागल्या.

१९४० पूर्वी गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या अमेरिकन स्त्रियांची संख्या २२८ भरते. त्या काळातल्या एकूण गणित डॉक्टरेटमध्ये हा वाटा चौदा टक्क्यांच्या वर जातो. ऐकणाऱ्याला तो कमी वाटेल, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तो घसरत पाच-सहा टक्क्यांवर आला हे कळले की पहिल्या आकड्याचा मान वाढतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारने फुकट शिक्षण दिले, विद्यापीठे पुरुषांनी भरली, आणि मुलींच्या कॉलेजांतही प्राध्यापकाच्या जागा पुरुषांकडे जाऊ लागल्या. ‘मुलींचे पाऊल हळूहळू पुढेच पडत गेले’ हा सोयीचा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

या घसरणीआधीचे शेवटचे तेजस्वी पर्व पुन्हा ब्रिन मॉरचेच. स्कॉटबाई १९२४-२५ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्या आणि १९३१ मध्ये वारल्या. त्यांच्या जागी आलेल्या अ‍ॅना पेल व्हीलर यांनी १९३३ मध्ये नाझींनी नोकरीवरून काढलेल्या एमी नोएथर यांना ब्रिन मॉरला आणले. एमी या त्याच माक्स नोएथर यांच्या कन्या, आणि बापापेक्षा कितीतरी मोठ्या गणितज्ञ. गटिंगेनमध्ये आधुनिक बीजगणिताचा पाया घालणाऱ्या या बाईंना तिथे कधी पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नव्हते; इथे त्या चार-पाच विद्यार्थिनींना घेऊन बसू लागल्या. आठवड्यातून एकदा त्या प्रिन्स्टनच्या नव्या संशोधन संस्थेत व्याख्यानाला जात. शेजारचे प्रिन्स्टन विद्यापीठ अजून मुलांपुरतेच होते. एप्रिल १९३५ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक गेल्या. त्यांच्या अस्थी कॉलेजच्या ग्रंथालयाच्या ओवरीखाली पुरल्या आहेत.

अ‍ॅलिस टर्नर या मुलीचे कॉलेज या मालिकेत कुठेच बसत नाही. ती व्हर्जिनियातल्या रिचमंड विद्यापीठात शिकली, गणित घेतलेली एकटीच मुलगी. मुलींना तिथल्या मुख्य ग्रंथालयात बसण्याची परवानगी नव्हती. तरी तिने विद्यापीठाचे गणिताचे पारितोषिक पटकावले, शाळेत शिकवून पैसे साठवले आणि १९४२ मध्ये शिकागोची डॉक्टरेट घेतली. लग्नानंतर अ‍ॅलिस शेफर या नावाने त्या अनेक ठिकाणी शिकवत फिरल्या आणि १९६२ मध्ये वेल्सलीत स्थिरावल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत गणितातल्या स्त्रियांची संघटना निघाली; मेरी ग्रे पहिल्या अध्यक्ष, शेफर दुसऱ्या. १९९० मध्ये त्या संघटनेने पदवीपूर्व विद्यार्थिनींसाठी वार्षिक पारितोषिक ठेवले आणि त्याला शेफर यांचे नाव दिले. ‘कोणत्या कॉलेजची मुलगी?’ हा प्रश्न दरवर्षी विचारता येईल अशी सोय पहिल्यांदा झाली ती इथे.

तोवर कॉलेजांचा नकाशा पार बदलला होता. प्रिन्स्टन आणि येल यांनी १९६९ मध्ये पदवीच्या वर्गात मुली घ्यायला सुरुवात केली, कॅलटेकने १९७० मध्ये, डार्टमथने १९७२ मध्ये. व्हॅसारने १९६९ मध्येच मुलगे घेतले. हार्वर्डमध्ये मुली शिकत, पण रॅडक्लिफ या जोडकॉलेजच्या नावावर. तो दुरावा सत्तरच्या दशकात कमी झाला आणि १९९९ मध्ये पुरता मिटला. एमआयटीत मुली फार आधीपासून शिकत होत्या, पण राहायला जागा नसल्याने प्रवेश बेताचेच असत. मुलींचे प्रशस्त वसतिगृह १९६३ मध्ये झाले आणि संख्या वाढू लागली. गणितात मुली किती, या प्रश्नाचे उत्तर एकदा वसतिगृहातल्या खाटांनी दिले आहे, हे शिक्षणावरच्या गंभीर ग्रंथांत फारसे येत नाही.

शेफर पारितोषिकाच्या पहिल्या वर्षी शिकागो आणि हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी ते वाटून घेतले. नंतरच्या यादीत एमआयटी, हार्वर्ड, शिकागो, प्रिन्स्टन आणि ड्यूक ही नावे पुन:पुन्हा भेटतात, म्हणजे एकेकाळी ज्यांची दारे बंद किंवा जेमतेम किलकिली होती त्यांचीच बहुसंख्या. १९९२ चे पारितोषिक मात्र ब्रिन मॉरला गेले. विजेती झ्वेझ्देलिना स्टान्कोव्हा बल्गेरियाची, शालेय वयात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्यपदके मिळवलेली. ती पुढे हार्वर्डची डॉक्टर झाली आणि १९९८ मध्ये बर्कलीत शाळकरी मुलांसाठी गणितमंडळ काढले. पुढच्या वर्षीच्या दोघींपैकी एक बर्कलीची कॅथी ओनील. गणितातून हेज फंडात आणि तिथून बाहेर पडून, संगणकीय सूत्रे माणसांवर कसा अन्याय करतात यावर २०१६ मध्ये गाजलेले पुस्तक लिहिणारी ती हीच. १९९६ ची विजेती इओआना दुमित्रिऊ न्यूयॉर्क विद्यापीठाची, मूळची रुमानियाची. पटनम या अमेरिकेतल्या सर्वांत अवघड पदवीपूर्व गणितस्पर्धेत पहिल्या पाचांत येणारी ती पहिली मुलगी, तीही १९९६ मध्येच. स्पर्धा १९३८ पासून सुरू होती, म्हणजे मध्ये अठ्ठावन्न वर्षे गेली. मुलींत सर्वोत्तम ठरणारीसाठी या स्पर्धेने १९९२ पासून एलिझाबेथ लोवेल पटनम यांच्या नावाने वेगळे पारितोषिक सुरू केले. त्या, ज्यांच्या स्मरणार्थ स्पर्धा आहे त्या विल्यम पटनम यांच्या पत्नी आणि हार्वर्डच्या एका अध्यक्षांची बहीण.

यादीत पूर्व युरोपातली नावे दिसतात त्याला कारण आहे. रुमानिया आणि बल्गेरियात ऑलिंपियाडची तालीम शाळेपासून चाले आणि मुलींना तिच्यातून वगळण्याची पद्धत नव्हती. अमेरिका ऑलिंपियाडला १९७४ पासून जाते. तिच्या संघात पहिली मुलगी १९९८ मध्ये आली, मेलनी वुड. ती ड्यूकला गेली, २००२ मध्ये शेफर पारितोषिक आणि पटनममधले पहिल्या पाचांतले स्थान दोन्ही मिळवले आणि २००३ चे मॉर्गन पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री ठरली. मॉर्गन पारितोषिक मुलगे-मुली असा भेद न करता पदवीपूर्व संशोधनाला दिले जाते. प्रिन्स्टनची २००७ ची शेफर पारितोषिकविजेती आना कारायानी हीही रुमानियाची आणि दोनदा पटनमच्या पहिल्या पाचांत आलेली.

विजेत्यांच्या उन्हाळ्यांकडे पाहिले तर कॉलेजांच्या यादीमागची दुसरी यादी दिसू लागते. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलूथ शाखेत जोसेफ गॅलियन यांनी १९७७ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन शिबिर चालवले. लेक सुपीरिअरच्या काठचे हे गाव. गणिताच्या नकाशावर त्याचे नाव कोणी शोधायला जाणार नाही. प्रत्येकाला न सुटलेला एक प्रश्न द्यायचा, काही आठवडे त्याच्याशी झगडू द्यायचे आणि शेवटी शोधनिबंध लिहून घ्यायचा, अशी रीत. स्टान्कोव्हा, वुड आणि कारायानी तिघीही या शिबिरातून गेल्या. १९८७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने अशा शिबिरांना देशभर पैसा पुरवला. शेफर पारितोषिकाची अट पाहिली तर याचे महत्त्व ध्यानात येते: वरच्या वर्गांतले यश, गणिताची खरी ओढ, स्वतंत्र काम करण्याची ताकद आणि स्पर्धा असतील तर त्यांतली कामगिरी, या सगळ्यांचा विचार होतो, नाव शिक्षकाने सुचवायचे असते. ट्रायपॉसमध्ये राउथची शिकवणी जे करत होती ते इथे उन्हाळी शिबिर करते. फरक एवढाच की राउथ वेग शिकवत असे, आणि डुलूथमध्ये अडून राहणे शिकवले जाई.

शिक्षकाने नाव सुचवायचे या अटीमुळे यादीत मधूनच अनपेक्षित कॉलेजे येतात. २००२ मध्ये वुडबरोबर पारितोषिक वाटून घेणारी के कर्कपॅट्रिक माँटाना राज्य विद्यापीठाची होती. पुढे नोत्र दाम, यूटा आणि जॉर्जिया टेक यांच्याही विद्यार्थिनी विजेत्या ठरल्या. वर्षाला एक किंवा दोन पारितोषिके, तीही तीस-पस्तीस वर्षांची. एवढ्यावरून कॉलेजांची उतरंड लावणे धोक्याचे. एमआयटीतून विजेत्या जास्त निघतात यात एमआयटी किती शिकवते आणि किती निवडून घेते हे या यादीतून उकलत नाही. हंटर कॉलेजच्या बाबतीतही निवडच काम करत होती, फक्त ती श्रीमंतीऐवजी गरिबीने झालेली होती.

काही ठिकाणी मात्र काम डोळ्यांना दिसेल असे झाले. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन इथल्या गणित विभागाला स्त्रियांना डॉक्टरेटपर्यंत नेण्याच्या कामाबद्दल १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कार मिळाला. त्यातून १९९९ पासून त्यांनी पदवीपूर्व विद्यार्थिनींची वार्षिक गणित परिषद भरवायला सुरुवात केली, आणि मका-गव्हाच्या त्या राज्यात भर थंडीत देशभरातून मुली येऊ लागल्या. स्मिथ कॉलेजने २००७ मध्ये गणितातल्या स्त्रियांसाठी केंद्र काढून पदवीनंतर एक वर्ष तयारीचे ठेवले, कारण गणिताकडे उशिरा वळलेल्या मुलींची मोठी अडचण सुटलेल्या अभ्यासक्रमांची असते. सिज्विक यांनी न्यूनमसाठी मांडलेला मुद्दा हाच होता. अटलांटात कृष्णवर्णीय मुलींच्या स्पेलमन कॉलेजात एटा फॉकनर १९६५ पासून गणित शिकवत होत्या. मुलींना पदवीवर न थांबवता पुढे पाठवायचे, त्यासाठी विभागच तसा घडवायचा, यात त्यांनी हयात घालवली. त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बोझमन आणि ब्रिन मॉरच्या रोंडा ह्यूज यांनी मिळून पीएचडीच्या उंबरठ्यावरच्या मुलींसाठी उन्हाळी शिबिर आखले. ते स्पेलमन आणि ब्रिन मॉर यांनी आळीपाळीने भरवायचे ठरले आणि त्याची सुरुवात १९९८ च्या उन्हाळ्यात ब्रिन मॉरमध्ये झाली.